घड्याळात सॅटेलाइट एसओएस आहे, पण सह्याद्रीत ते लागणार का?

माझ्या मावसभावाला पहिली नोकरी लागली आणि ट्रेकिंगचं वेडही त्याच सुमारास लागलं. तीन-चार पगारांतून पैसे साठवून त्याला ॲपल वॉच अल्ट्रा ३ घ्यायचं होतं. किंमत नव्वद हजारांच्या घरात. मावशीचा ठाम नकार होता, पण तो घड्याळाला नाही, पावसाळी ट्रेकला. मग यानं तिला सांगितलं, "अगं, नेटवर्क नसलं तरी हे घड्याळ थेट सॅटेलाइटवरून मदत मागवतं." मावशी तयार झाली. रात्री मला फोन आला, "दादा, तू एकदा आईला सांग ना, घड्याळ मस्त आहे म्हणून."

घड्याळ मस्त आहेच. पण ज्या एका गोष्टीवर मावशी तयार झाली, ती गोष्ट भारतात चालत नाही.

झालंय काय, की २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गूगलचं पिक्सेल वॉच ४, गार्मिनचं फेनिक्स ८ प्रो आणि ॲपलचं अल्ट्रा ३ अशी तीन घड्याळं पाठोपाठ जाहीर झाली. तिन्हींची मोठी बातमी एकच होती, मनगटावरून सॅटेलाइटला संदेश. आपण यूट्यूबवर जे रिव्ह्यू बघतो ते बहुतेक अमेरिकेतले. त्यात तो माणूस डोंगरावर उभा राहून हात आकाशाकडे धरतो आणि मेसेज जातो. तो खोटं बोलत नाही, फक्त तो वेगळ्या देशात उभा आहे. या सेवा निवडक देशांतच सुरू आहेत आणि हे लिहीत असताना ॲपलच्या सॅटेलाइट एसओएसच्या यादीत भारत नाही. घड्याळ इथल्या दुकानात मिळतं, ही सेवा मिळत नाही.

इथे एक घोळ नेहमी होतो, म्हणून थांबून सांगतो. "पण माझ्या घड्याळात जीपीएस आहे, तेही सॅटेलाइटच ना?" हो, पण जीपीएस हा रेडिओ ऐकण्यासारखा प्रकार आहे. उपग्रह सतत वेळ सांगत असतात, घड्याळ फक्त ऐकतं आणि त्यावरून आपण कुठे आहोत याचं गणित मांडतं. तुम्ही कुठे आहात हे उपग्रहाला कळतच नाही. एसओएससाठी घड्याळाला उलट बोलावं लागतं, म्हणजे आकाशाकडे सिग्नल पाठवावा लागतो. ऐकायला परवानगी लागत नाही, बोलायला लागते.

आणि आपल्याकडे ही परवानगी हलक्यात घेण्यासारखी नाही. सॅटेलाइटवरून संपर्क करणारं उपकरण विनापरवाना बाळगणं हा भारतात गुन्हा ठरतो. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून हे चालत आलंय आणि २६/११ च्या हल्लेखोरांकडे सॅटेलाइट फोन होते हे उघड झाल्यावर सरकार याबाबत जास्तच कडक झालं. गार्मिनचे हातात धरायचे इनरीच संपर्कयंत्र ज्या इरिडियम उपग्रहांवर चालतात, त्यांना इथे परवानगी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका कॅनडियन धावपटूला बॅगेत इनरीच सापडल्यामुळे अडवलं गेलं. तिच्या दृष्टीनं ते डोंगरात जीव वाचवणारं खेळण्याएवढं यंत्र होतं. त्यामुळे परदेशातला मित्र किंवा काका "येताना तुझ्यासाठी इनरीच घेऊन येतो" म्हणाला, तर आधी त्याला हे सांगा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर सुरक्षेची काळजी समजते, पण दरवर्षी पावसाळ्यात सह्याद्रीत माणसं हरवतात, पडतात. फक्त आणीबाणीत, फक्त ठरावीक केंद्राकडे जाणारा संदेश हा प्रकार तपासून परवानगी देण्याजोगा आहे. तो मिळेपर्यंत मात्र या फीचरसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

मग मोजायचे कशासाठी?

मी स्वतः एकदा जुलैत पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर होतो. मंदिराकडून कोकणकड्याकडे जाताना धुकं असं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसेना. मोबाइल काढला तर ओल्या स्क्रीनवर बोट फिरवलं की नकाशा भलतीकडेच सरकायचा. पाण्याचे थेंबसुद्धा टचला बोटासारखेच वाटतात. तेव्हा कामी आलं मनगटावरचं बटणांचं साधं घड्याळ. आलो त्याच वाटेनं परत नेणारी रेघ त्यात दिसत होती. ती रेघ बघत आम्ही मागे फिरलो. कडा त्या दिवशी बघितला नाही.

म्हणून माझी पहिली अट म्हणजे बटणं. टच असू दे, ऑफिसात छान वाटतं, पण टच बंद करूनही सगळं चालवता आलं पाहिजे.

दुसरी अट, जीपीएस घड्याळातच हवं. दोन-चार हजारांच्या बऱ्याच स्मार्टवॉचच्या खोक्यावर जीपीएस लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात 'कनेक्टेड' असतं. म्हणजे ते फोनचं जीपीएस वापरतं. फोन बंद की घड्याळ आंधळं. त्यापुढे बजेट असेल तर ड्युअल बँड बघा. घळीत किंवा कड्याच्या पोटाशी सिग्नल खडकावर आपटून घड्याळापर्यंत येतो आणि जागा चुकते. दोन फ्रिक्वेन्सी ऐकणाऱ्या घड्याळाला यातला खोटा सिग्नल जास्त चांगला ओळखता येतो.

बॅटरीचं गणित आपल्या वेळापत्रकावर करा. शुक्रवारी ऑफिसातून निघून रातोरात पायथा गाठायचा, रविवारी रात्री घरी. साधारण ४८ तास. अल्ट्रा ३ साठी कंपनी नेहमीच्या वापरात ४२ तास सांगते आणि त्यात दिवसभर जीपीएस चालू ठेवलं तर ते आणखी खाली येणार. गार्मिन इन्स्टिंक्ट २ साठी कंपनीचा दावा २८ दिवसांचा आणि सलग जीपीएसवर ३० तासांचा आहे. दावे थोडे कमी करूनच धरा, तरी फरक केवढा आहे ते दिसतं. ॲमोलेड स्क्रीन देखणी, पण अशा साध्या स्क्रीनची घड्याळं उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसतात.

आता माझा आवडता विषय, बॅरोमीटर. उंची मोजायला घड्याळ हवेचा दाब बघतं. दाब एक हेक्टोपास्कलनं कमी झाला की ते समजतं आपण साधारण आठ-नऊ मीटर वर आलो. गंमत अशी की आपल्या उष्ण भागात दाब रोज आपोआप वरखाली होतो. सकाळी दहाच्या सुमारास जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी, फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा. म्हणजे तुम्ही गुहेत पोहे खात बसलात तरी घड्याळाच्या मते तुम्ही तीस मीटर चढलात! त्यामुळे पायथ्याशी आणि माहीत असलेल्या माथ्यावर उंची जुळवून घ्यायची. कळसूबाईवर असाल तर १६४६ मीटर. आणि चढताना वाजणारा वादळाचा इशारा फार मनावर घेऊ नका. दाब हवेमुळे पडला की तुमच्या चढण्यामुळे, यात घड्याळाचा गोंधळ होऊ शकतो.

होकायंत्रही अधूनमधून थापा मारतं, आपला काळा बसाल्ट थोडा चुंबकीय असतो. पट्ट्याचं बक्कल मॅग्नेटचं असेल तर विचारूच नका. जीपीएस नको, फक्त उंची, दाब आणि दिशा पुरे, असं असेल तर कॅसिओच्या ट्रिपल सेन्सरवाल्या प्रो ट्रेकमधलं सोलर मॉडेल वर्षानुवर्षं चार्जर न शोधता चालतं. पाण्यासाठी ५ एटीएम पावसाला पुरतं, धबधब्याखाली बसायची हौस असेल तर १० घ्या. ई-सिमचं घड्याळ शहरात पळायला जाताना सोयीचं, पण दरीत फोनला रेंज नसेल तर घड्याळाला कुठून येणार? पडल्यावर आपोआप फोन लावणाऱ्या फीचरचंही तेच.

शनिवारी मी मावशीकडे गेलो आणि हे सगळं तिच्यासमोरच भावाला सांगितलं. तो दहा मिनिटं माझ्याशी बोलला नाही. मावशी म्हणाली, "म्हणजे हा अडकला तर मला कळणारच नाही?"

मग आम्ही एक कागद घेतला. पायथ्याचं गाव, वाट कुठली, सोबत कोण, ज्यांच्या घरी जेवणार त्यांचा नंबर, आणि रेंजमध्ये येऊन फोन करायची शेवटची वेळ. ती उलटून दोन तास झाले की आधी गावात फोन, मग ११२, आणि गिर्यारोहकांच्या बचाव पथकांना एकत्र आणणारं महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर. भावाला घड्याळात अक्षांश-रेखांश कुठे दिसतात ते शोधून, ते आकडे एसएमएसमध्ये टाइप करायचा सराव करायला लावला. कॉल लागत नाही अशा क्षीण रेंजमध्येही एसएमएस कधीकधी निघून जातो.

शेवटी त्यानं बटणांचंच घेतलं, तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी पैशांत. ऑफिसात दोघांनी विचारलं, "हे काय, शाळेतलं घड्याळ?" कागद मावशीच्या फ्रिजवर लावलाय. शेवटच्या वेळेच्या जागी त्यानं सात लिहिलं होतं, तिनं ते खोडून सहा केलंय.