फाइल लॉक झाली? आधी शेपूट बघा!

सबमिशनच्या आदल्या रात्री प्रोजेक्टची फाइलच उघडत नाहीये. नावाच्या शेवटी कधी न पाहिलेली चार अक्षरं चिकटलीयत आणि फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची टेक्स्ट फाइल आहे. ९८० डॉलर द्या, ७२ तासांत आलात तर निम्मे. म्हणजे इथेही सेल! या खुणा जुळल्या तर हे बहुतेक 'स्टॉप' ऊर्फ 'डीजेव्हीयू' रॅन्समवेअर.

रॅन्समवेअर म्हटलं की आपल्याला २०१७ चं 'वॉनाक्राय' आठवतं, ब्रिटनमधली हॉस्पिटलं आठवतात. डीजेव्हीयूचं गिऱ्हाईक मात्र तुमच्या-माझ्यासारखं. क्रॅक केलेलं एडिटिंग सॉफ्टवेअर, कीजेन, फुकटचा गेम. ओरिजिनलचं भाडं पॉकेटमनीत बसत नाही, हे खरंच आहे. पण 'इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा' ही सूचना आपण निमूट पाळतो आणि दार आपणच उघडतो.

पुढे स्क्रीनवर विंडोज अपडेटची खोटी खिडकी येते. आपण वाट बघत बसतो, तोवर मागे काम उरकलेलं असतं. ते पटकन उरकतं, कारण प्रत्येक फाइलचा फक्त सुरुवातीचा साधारण १५० केबी भाग लॉक होतो. त्यामुळे मोठ्या व्हिडिओंचा काही भाग कधी कधी वाचवता येतो. सिस्टिमच्या होस्ट्स फाइलमध्येही फेरफार होतो, म्हणजे मदत शोधायला गेलात तर सिक्युरिटीच्या साइट्सच उघडत नाहीत. बऱ्याचदा सोबत पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅमही येतो. याकडे कुणी बघतच नाही!

सगळ्यात कामाची खूण चिठ्ठीच्या तळाशी असते, पर्सनल आयडी. तो 'टी१' ने संपत असेल तर ऑफलाइन किल्ली वापरलीय. ती अनेकांना सारखीच असते, त्यामुळे एकाची सापडली की बाकीच्यांच्याही फाइल्स सुटू शकतात. एम्सिसॉफ्टने ऑक्टोबर २०१९ मध्ये १४८ व्हेरियंट्ससाठी फुकट टूल काढलं. ऑनलाइन किल्ली असेल, तर ऑगस्ट २०१९ नंतरच्या व्हेरियंट्सना ते टूल पुरत नाही.

नुसत्या शेपटावर विसंबू नका. 'आयडी रॅन्समवेअर' या साइटवर चिठ्ठी आणि एक लॉक झालेली फाइल टाकली की स्ट्रेनचं नाव कळतं. तोवर घाईघाईत फॉरमॅट मारू नका. लॉक झालेल्या फाइल्स आणि चिठ्ठी दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा, पासवर्ड मित्राच्या लॅपटॉपवरून बदला आणि १९३० वर तक्रार करा.