शेवटचा टाका

माझी भाची एकोणीस वर्षांची आहे. जन्मतःच तिचा वरचा ओठ आणि टाळू दुभंगलेली होती. चौथ्या महिन्यात ओठ शिवला, सव्वा वर्षाची झाल्यावर टाळू, आणि नवव्या वर्षी कमरेचं हाड घेऊन हिरडीतली फट भरली. या तिन्ही शस्त्रक्रिया सरकारी खर्चानं झाल्या. आमचं कुटुंब ते कधी विसरणार नाही. गेल्या महिन्यात चौथ्या शस्त्रक्रियेसाठी मी तिच्याबरोबर एका रुग्णालयात गेलो. ओठाचा आखडलेला व्रण सोडवायचा होता, बसकं नाक सरळ करायचं होतं. योजनेच्या खिडकीवर कागद चाळून उत्तर मिळालं, "ताई, हे कॉस्मेटिक आहे. योजनेत बसत नाही."

परतीच्या एसटीत ती म्हणाली, "मामा, डाव्या नाकपुडीनं श्वास कसा घेतात हे मला माहीतच नाही. मग हे कॉस्मेटिक कसं?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर वैद्यकशास्त्रात आहे. जगात साधारण सातशे बाळांमागे एक बाळ ओठ किंवा टाळू दुभंगलेलं जन्मतं. ही फट एकदा शिवली की काम संपलं, असं होत नाही. मूल वाढतं, पण व्रणाची कातडी शेजारच्या कातडीसारखी वाढत नाही. ती आखडते आणि ओठ वर ओढते. नाकाचा पडदा वाकडा राहतो, एका बाजूची कूर्चा खचलेली राहते. नाकाची ही मुख्य दुरुस्ती चेहऱ्याची वाढ पूर्ण झाल्यावर, म्हणजे सोळा-अठरा वर्षांनंतर करायची असते. म्हणून सर्जनच सांगतात, "अठरा पूर्ण होऊ द्या." आम्ही ते ऐकलं आणि थांबलो.

नेमकं त्याच वयात सरकारी दार बंद होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरमध्ये झाली. अंगणवाडी आणि शाळेत मुलांना तपासून जन्मजात व्यंगांवर मोफत उपचार मिळवून देणारा हा कार्यक्रम अनेक घरांचा आधार आहे. पण त्याची मर्यादा अठरा वर्षांची. त्यापुढे उरतात विमा योजना. आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे, दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या शस्त्रक्रियाही त्यात आहेत. मात्र सौंदर्यासाठीचे उपचार वगळलेले आहेत. तान्ह्या बाळाचा ओठ पाहून कुणी शंका घेत नाही. तीच फट एकोणिसाव्या वर्षी व्रण होऊन समोर आली, की तिच्यावर सौंदर्याचा शिक्का बसतो.

हा फरक करणं अवघड मुळीच नाही. जीएसटीच्या 2017 च्या अधिसूचनेत तो केलेला आहे. आरोग्यसेवेला दिलेल्या करसवलतीतून कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळली आहे, पण जन्मजात दोषामुळे बिघडलेली शरीररचना किंवा कार्य पूर्ववत करणारी शस्त्रक्रिया सवलतीत ठेवली आहे. कर विभागानं जे वाक्य लिहिलं, ते आरोग्य विभागानं आपल्या नियमांत घ्यावं.

पैसा मर्यादित आहे आणि रांगेत कर्करोगाचे, हृदयाचे रुग्णही आहेत, हे मला मान्य आहे. पण इथं नवा उपचार सुरू करायचा नाही. सरकारनंच सुरू केलेला पूर्ण करायचा आहे. आणि व्रणाचा भार एकट्या मुलीवर नसतो. माझ्या बहिणीला गावात आजही विचारतात, "ग्रहणात काय चिरलं होतंस?" ग्रहणाचा आणि दुभंगलेल्या ओठाचा काही संबंध नाही. तरी एकोणीस वर्षं ती हा आरोप ऐकते आहे.

मागणी दोनच गोष्टींची आहे. जन्मजात व्यंगासाठी अठराची अट काढून 'उपचार पूर्ण होईपर्यंत' अशी करावी. आणि ओठ, नाक, व्रण यांची पुढची दुरुस्ती योजनेच्या यादीत स्पष्ट शब्दांत लिहावी, म्हणजे निर्णय खिडकीवरच्या माणसाच्या समजुतीवर राहणार नाही.

तोवर, ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना माझी विनंती: पहिल्या शस्त्रक्रियेपासूनचे कागद आणि फोटो जपून ठेवा. सर्जनच्या पत्रात 'जन्मजात दोष' हे शब्द आणि श्वासाची, बोलण्याची अडचण लिहून घ्या. नकार मिळालाच तर तो लेखी मागा. तोंडी नकार ऐकून घरी परत येऊ नका.