रुग्णालयाचे दार आणि अंधांचा वाटाड्या

सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी रुग्णालये, शाळा, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून भटकी कुत्री हलविण्याचा आदेश दिला. सार्वजनिक रुग्णालयांच्या व्हरांड्यांत कुत्री निजलेली पाहणे ज्यांच्या नशिबी आले आहे, त्यांना त्याने हायसे वाटले असल्यास नवल नाही. रेबीजची भीती काल्पनिक नव्हे. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून रुग्ण क्वचितच वाचतो. तथापि, कुंपण घालताना एका वेगळ्या कुत्र्यासाठी वाट ठेवणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते. तो कुत्रा म्हणजे अंध वा अन्य अपंग माणसाच्या साहाय्यासाठी शिकवून तयार केलेला त्याचा सोबती.

पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे १९१६ साली वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. पुढे अमेरिकेत १९२९ मध्ये ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली. आज असे कुत्रे अंधाला रस्ता दाखवितात, बहिऱ्याला आवाजाची सूचना देतात, फेफरे आलेल्याची राखण करतात. त्यांना हौसेचे पाळीव प्राणी म्हणणे म्हणजे कुबडीला शोभेची काठी म्हणण्यासारखे आहे.

अमेरिकेने १९९० च्या अपंगविषयक कायद्यान्वये या कुत्र्यांना रुग्णालयांची दारे उघडली. रुग्णाची खोली, तपासणीकक्ष, उपाहारगृह येथे त्यांना मज्जाव नाही. शस्त्रक्रियागृह व भाजलेल्या रुग्णांचा कक्ष अशा निर्जंतुक जागी मात्र आहे. कुत्र्याचे काम उघड दिसत नसेल, तर कर्मचाऱ्यास दोनच प्रश्न विचारता येतात: अपंगत्वामुळे हा कुत्रा आवश्यक आहे काय, आणि त्याला कोणते काम शिकविले आहे? दाखला मागता येत नाही. उलटपक्षी, कुत्रा आवरेनासा झाला तर त्यास बाहेर काढता येते आणि त्याची निगा धन्यानेच राखावयाची असते. केवळ मनाला धीर देणारा प्राणी या व्याख्येत बसत नाही. अधिकार आणि शिस्त यांची ही सांगड आम्हांस मोलाची वाटते.

कुत्र्याने रोगजंतू येतील, हा आक्षेप सहज सुचणारा आहे. परंतु रस्त्यावरची पादत्राणे घालून आप्तेष्टांचे जथे ज्या कक्षात जातात, तेथे लस टोचलेल्या, स्वच्छ व शिस्तीच्या एका कुत्र्यानेच पावित्र्य भंगते, हे म्हणणे टिकणारे नाही. दुसरा आक्षेप अधिक आपला आहे: आपल्याकडे सोबतीला घरची माणसे असतातच, मग कुत्रा कशाला? या प्रेमळ प्रश्नातच खरी मेख आहे. मुलाला रजा मिळेल त्या दिवशीच डॉक्टरकडे जावयाचे, आणि आपले दुखणे तिऱ्हाइतादेखत सांगावयाचे, हे अंधाने का सोसावे? धर्मराजाने कुत्र्यावाचून स्वर्ग नाकारला, तो आश्रिताच्या निष्ठेसाठी. येथे प्रश्न माणसाच्या स्वातंत्र्याचा आहे.

आपल्या देशात असे कुत्रे अद्याप फार थोडे आहेत. पण दार बंद असेल, तर कुत्रा शिकविण्याचा खटाटोप कोण करील? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २५ मध्ये सरकारी व खाजगी रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळाविरहित प्रवेशाची तरतूद आहे. उतरता रॅम्प बांधला आणि वाटाड्याला फाटकावर अडविले, तर त्या तरतुदीचा अर्थ अर्धाच राहील.

यास्तव राज्याच्या आरोग्य खात्याने व महानगरपालिकांनी सर्व रुग्णालयांना लागू होईल असा स्पष्ट नियम करावा. कुत्र्यास कोठे प्रवेश आहे, कोठे नाही, त्याच्या लसीकरणाची व वर्तनाची अट काय, हे त्यात लिहावे आणि फाटकावरील पहारेकऱ्यास ते समजावून द्यावे. कारण कायद्याचा अर्थ न्यायालयात कितीही उदार लागो, अंध रुग्णाची पहिली गाठ पडते ती त्या पहारेकऱ्याशीच.