किलोमीटर भरले नाहीत, तरी इंजिन ऑईल बदलायचं का? पुराच्या कोल्हापुरात या प्रश्नाचं उत्तर वेगळं का आहे

पावसाळ्यात कोल्हापूरकरांची नजर एका आकड्यावर असते : राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ही पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली. पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला आणि सखल भागातल्या गाड्या पाण्याखाली गेल्या.

पाणी ओसरलं की गाडी चालू होते का, हे बघायचा मोह होतो. पण नेमकं तिथेच मोठं नुकसान होतं.

पाण्यातून निघालेली गाडी लगेच चालू का करायची नाही?

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला, तर पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. ऑईलमध्ये पाणी मिसळलं असेल, तर ते दुधाच्या चहासारखं दिसतं आणि बेअरिंगवर वंगणाचा थर टिकत नाही.

म्हणून आधी बॅटरी काढायची आणि गाडी ओढून गॅरेजला न्यायची. तिथे सिलिंडरमधलं पाणी काढून इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलतात. गिअरबॉक्सचं ऑईलही तपासावं लागतं. थोडं चालवून इंजिन ऑईल पुन्हा एकदा बदललं, तर उरलंसुरलं पाणी निघून जातं. आधीचं ऑईल आठवड्यापूर्वी टाकलेलं असलं, तरी हे करावंच लागतं.

यात विम्याचाही प्रश्न आहे. फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर स्वतःच्या गाडीची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात पुराचं नुकसान धरतात. मात्र पाणी गेलेलं इंजिन चालू केल्यामुळे ते निकामी झालं, तर दावा नाकारला जाऊ शकतो. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर असतं.

मग एरवी किती दिवसांनी?

सगळ्या गाड्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही. आजच्या बऱ्याच पेट्रोल कारसाठी कंपन्या १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष सांगतात. यात 'जे आधी होईल ते' हे शब्द महत्त्वाचे. गाडी वर्षात ३,००० किलोमीटरच फिरली, तरी ऑईल बदलायचं. दुचाकीत ऑईल कमी मावतं, त्यामुळे तिचं अंतरही बहुधा कमी असतं. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्येच मिळतो.

त्याच मॅन्युअलमध्ये खडतर वापरासाठी बऱ्याचदा वेगळं, कमी अंतराचं वेळापत्रक असतं. धूळ, घाट, जड ओझं आणि सततच्या छोट्या फेऱ्या त्यात येतात. घर ते मंडई एवढ्याच फेरीत इंजिन पुरतं तापत नाही. मग आत साठलेली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑईलमध्येच राहतं.

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचा हिशोब तर किलोमीटरमध्ये होतच नाही. तिथे तासांचं मीटर बघतात. कारखान्यावर इंजिन चालू ठेवून काढलेला वेळही त्यात मोजला जातो.

ऑईल काळं झालं म्हणजे संपलं का?

नाही. काजळी धरून ठेवणं हे ऑईलचं कामच आहे. डिझेल इंजिनात ते लवकर काळं पडतं. पातळी कमी होणं किंवा रंग दुधाळ होणं ही खरी धोक्याची खूण.

आणखी एक गैरसमज म्हणजे कारचं उरलेलं ऑईल मोटारसायकलला चालतं. बहुतेक मोटारसायकलींमध्ये क्लचही त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. कारच्या ऑईलमुळे तो घसरू शकतो. म्हणून मोटारसायकलच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' हा दर्जा बघायचा.

काढलेल्या ऑईलचं काय?

वापरलेलं ऑईल कायद्याने घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुनर्प्रक्रिया करून घेण्याची जबाबदारी ऑईल उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. घरी ऑईल बदलून ते गटारीत ओतलं, तर ते नाल्यातून पंचगंगेत जातं. ते डब्यात भरून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला माल देणाऱ्या गॅरेजकडे द्यायचं.

थोडक्यात, किलोमीटर, महिने आणि वापर या तिन्हींत जी मर्यादा आधी गाठली जाईल, ती पाळायची. इंजिनात पाणी गेलं असेल, तर मात्र यातला एकही आकडा बघायचा नाही. ऑईल आधी बदलायचं, किल्ली नंतर फिरवायची.