जयणा औषधाच्या डब्यातही हवी



गिरगाव असो की लालबाग, आपल्या इमारतींत हल्ली मजल्यागणिक एखादी ब्युरोची मावशी दिसते. बारा तासांची पाळी. आजींची आंघोळ, डायपर तिच्याकडे आणि गोळ्याही तिच्याच हाती. आपण म्हणतो, सोय झाली. मी म्हणते, गोळ्यांची ही सोय धोक्याची आहे.

गेल्या वर्षी सासूबाई इस्पितळातून घरी आल्या आणि दोन दिवसांत त्यांना चक्कर येऊ लागली. मी बी.कॉम. झालेली. डबा पालथा घातला, हिशेब मांडला. जुनी पट्टी आणि नवी पट्टी, नावं वेगळी, आतलं औषध एकच, टेल्मिसार्टन! रक्तदाबाची गोळी दुप्पट जात होती. मावशीला इंग्रजी वाचता येत नाही. मला येतं, पण मी पाहिलंच नव्हतं. चूक माझी.

मावशी म्हणजे नर्स नव्हे. नर्सची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते. ब्युरोला हे विचारायची लाज कसली?

दुसरं, चौविहार. सूर्यास्तानंतर पाणीही नाही, म्हणून रात्रीची गोळी आपण गाळतो आणि डॉक्टरांना सांगत नाही. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या जेवणाशी बांधलेल्या असतात. जेवण साडेपाचला आणि इन्सुलिन आठला दिलं, तर रात्री झोपेतच साखर कोसळू शकते. व्रत लपवू नका, डॉक्टरांकडून वेळा बसवून घ्या. ते जमत नसेल तर महाराजसाहेबांना विचारा. पच्चक्खाणातच समाधीसाठी आगार ठेवलेला आहे. मग धर्माच्या नावाने आपण का अडून बसायचं?

तिसरं, गिळवत नाही म्हणून गोळ्या कुटणं. पट्टीवर 'एसआर' किंवा 'एक्सआर' असेल तर कुटू नका, दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं. जिलेटिनची कॅप्सूल नको असेल तर ती उघडून देण्यापेक्षा डॉक्टरांकडे गोळी किंवा सिरप मागा.

भाजी निवडताना अळीसाठी आपण जयणा पाळतो. सासू-सासऱ्यांच्या गोळ्यांसाठी दहा मिनिटं नाहीत? वैयावच्च हे आभ्यंतर तप आहे, ते पगारावर दुसऱ्याकडे सोपवता येत नाही. आंघोळ मावशीने घालावी, डबा मात्र घरच्यांनी भरावा. दर रविवारी कागद आणि पट्ट्या समोरासमोर ठेवून ताळा जमवा.

कुणाला बोचलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. पण डबा आजच उघडा.