झाकणाचीही साक्ष असते

१/ अमेरिकी सैन्याचा अडीच टनी एम-३५ ट्रक १९५०च्या दशकात सेवेत आला. व्हिएतनाम युद्धातील रसदीचा मोठा भार त्याने वाहिला.

२/ त्याची विद्युतव्यवस्था २४ व्होल्टची. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सहचालकाच्या बाजूच्या पेटीत असतात. झाकण चिखल अडवते. शिवाय एखादा पाना टर्मिनलांवर आडवा पडून शॉर्टसर्किट होऊ देत नाही.

३/ आम्लाच्या वाफांनी हेच झाकण गंजते. मग जतन करणाऱ्याने काय करावे?

४/ ट्रक चालवायचा असेल, तर नवे झाकण बसवावेच. मात्र पेटी हवाबंद करू नये. चार्जिंगवेळी निघणाऱ्या हायड्रोजनला वाट हवी.

५/ परंतु नव्या पत्र्याला जुनाटपणाचा मुलामा देणे ही फसवणूक होय. वास्तुजतनाविषयीच्या १९६४च्या व्हेनिस सनदेनुसार नवा भाग मूळ रचनेशी सुसंगत, तरीही वेगळा ओळखू येणारा असावा. ट्रकलाही तोच न्याय लावावा. झाकणाच्या आतल्या बाजूस बदलाचे वर्ष कोरावे, जुने झाकण जपून ठेवावे.

६/ उद्याचा संशोधक या ट्रककडे साक्षीदार म्हणून पाहील. ती साक्ष खोटी ठरू नये.