कानसेनांना वाली कोण?

न्यूयॉर्कच्या ‘मेट्रोपोलिटन ऑपेरा गिल्ड’ने आपला स्वतंत्र कारभार आवरता घेण्याचा निर्णय ऑगस्ट २०२३मध्ये जाहीर केला. १९३६पासून निघत असलेले ‘ऑपेरा न्यूज’ हे तिचे मासिक त्या वर्षाच्या अखेरीस बंद झाले; ब्रिटनमधील ‘ऑपेरा’ मासिकात त्याला काही पानांचा आश्रय मिळाला. गिल्डचे नाव मेट्रोपोलिटन ऑपेराच्या, म्हणजे ‘मेट’च्या, छत्राखालील साहाय्यक संस्था म्हणून उरवण्याचे ठरले. ऑपेराची रसिकता समाजात रुजावी एवढ्याच हेतूने स्थापन झालेली ही विनानफा संस्था. तिच्या अखेरीमागे गैरव्यवहाराचा बोभाटा नव्हता, की पदाधिकाऱ्यांची सुंदोपसुंदी नव्हती. पैसा पुरेना, हे साधे कारण. अशा साध्या कारणाने मिटलेल्या संस्थांवर अग्रलेख लिहिले जात नाहीत. पण या घटनेकडे थोडे थांबून पाहावयास हवे.

गिल्डचा जन्मही टंचाईतूनच झाला होता. १८८३मध्ये उभे राहिलेले मेट हे मुळात न्यूयॉर्कच्या नवश्रीमंतांचे घर. जुन्या ‘अकॅडमी ऑफ म्युझिक’मधील बॉक्स खानदानी कुटुंबांनी पिढ्यान्पिढ्या अडवून ठेवलेले, तेव्हा रेल्वे आणि पेढ्यांवर गब्बर झालेल्यांनी आपले स्वतःचे नाट्यगृह बांधले. तेथे गाणे ऐकण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, बॉक्समध्ये दिसणे महत्त्वाचे होते. १९२९नंतरच्या मंदीत हा डोलारा डळमळला आणि एलिनॉर रॉबसन बेलमाँट पुढे सरसावल्या. त्या मूळच्या अभिनेत्री. ‘मेजर बार्बरा’ची नायिका बर्नार्ड शॉने त्यांनाच डोळ्यांपुढे ठेवून रंगवली होती. धनाढ्य बँकरशी विवाह करून त्यांनी रंगभूमी सोडली आणि १९३३मध्ये मेटच्या संचालक मंडळावर येणारी पहिली स्त्री हा मान मिळवला. बॉक्समध्ये बसणाऱ्या वर्गातल्याच या बाईंना उमगले की मूठभर धनिकांच्या मर्जीवर ही कला फार काळ जगणार नाही. तिला हजारो वर्गणीदार हवेत. १९३५मध्ये त्यांनी गिल्ड स्थापन केली. पुढे १९४०मध्ये नाट्यगृहाची वास्तू बॉक्सधारकांकडून विकत घेण्यासाठी लोकांपुढे झोळी पसरण्यात आली, तेव्हा १९३१पासून मेटचे प्रयोग रेडिओवर ऐकत आलेल्या, पण ते नाट्यगृह कधीही न पाहिलेल्या माणसांनीही तीत पैसे टाकले.

हे श्रोते आपोआप निपजले नव्हते. शनिवारी दुपारी रेडिओसमोर बसणाऱ्याला नेपथ्य दिसत नाही, इटालियन वा जर्मन कळत नाही. नुसता आवाज तीन-तीन तास त्याला कितपत धरून ठेवणार? ‘ऑपेरा न्यूज’चे अंक त्याला त्या आठवड्याच्या ऑपेराची कथा सांगत, मंचावरील दृश्यांची छायाचित्रे दाखवत, रचनाकाराविषयी आणि गायकांविषयी लिहीत. गिल्डने शाळकरी मुलांसाठी खास प्रयोग करवले, व्याख्याने ठेवली, रंगमंचामागचा पसारा लोकांना हिंडून दाखवला. काम कंटाळवाणे, सावकाशीचे आणि ज्याचे श्रेय कोणालाच मिळत नाही असे. न्यूयॉर्कपासून हजार मैलांवर एखाद्याला व्हेर्दी आणि पुचिनी यांच्यातला फरक कळू लागला, तर त्याची वार्ता कोण छापणार?

या श्रोत्याचे मोल मे २०१२मध्ये प्रकट झाले. रोबेर लपाज यांनी दिग्दर्शित केलेल्या, प्रचंड यांत्रिक नेपथ्याच्या वाग्नरच्या ‘रिंग’ मालिकेवर ‘ऑपेरा न्यूज’ने टीका केली, मेटच्या एकंदर कारभारावरही बोट ठेवले. महाव्यवस्थापक पीटर गेल्ब नाराज झाले आणि मेटच्या प्रयोगांची परीक्षणे यापुढे या मासिकात येणार नाहीत असे ठरले. बातमी बाहेर पडताच रसिकांनी इतका गहजब केला, की दुसऱ्याच दिवशी हा निर्णय मागे घ्यावा लागला. गिल्ड पूर्णतः स्वतंत्र कधीच नव्हती, हे या प्रकरणाने उघड केले. ती मेटच्या अंगणात वाढली आणि मेटसाठीच निधी जमवत राहिली. परंतु जिने श्रोत्याला ऐकायला शिकवले, तिची बाजू घेऊन तो श्रोता यजमानाशी भांडला, हेही त्याच प्रकरणातून दिसले. आता शाळांसाठीचे काही उपक्रम मेटकडे गेले आहेत. ते तेथे चांगलेही चालतील. मात्र ज्याच्या तिकीटविक्रीवर संस्थेचा संसार अवलंबून, त्याच्याच शिक्षण विभागाने श्रोत्याला नापसंती व्यक्त करायला शिकवावे, ही अपेक्षा भाबडी आहे.

तरुण गायकांच्या शिक्षणाची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. मेटने १९५४पासून देशभर गायकांच्या चाचण्या घेतल्या आणि १९८०मध्ये निवडक तरुणांसाठी प्रशिक्षण योजना सुरू केली. ती आज लिंडमन या दात्यांच्या नावाने ओळखली जाते. चाचण्यांच्या स्पर्धेलाही आता दात्यांचेच नाव आहे. सान फ्रान्सिस्कोत १९५७पासून चालणारी ‘मेरोला’ ही स्वतंत्र संस्था दर उन्हाळ्यात तरुण गायकांना एकत्र आणून, त्यांच्याकडून शुल्क न घेता, शिकवते. अशा कामाला पैसा मिळतो, आणि तो मिळावाच. पण तो का मिळतो? दात्याला चेहरा लागतो. आपण ज्या मुलीच्या शिक्षणाचा भार उचलला, ती पाच वर्षांनी मिमी म्हणून उभी राहते, हे सुख मोठे आहे. श्रोत्याला चेहरा नसतो. तो अंधारात बसतो आणि घरी जातो.

या असमतोलाचा हिशेब शेवटी गल्ल्यावर होतो. मेटचे प्रेक्षागृह सुमारे ३,८०० आसनांचे आहे. उत्तम गायक तयार झाले म्हणून ते भरत नाही. डिसेंबर २०२२मध्ये मेटने आपल्या राखीव निधीतून तीन कोटी डॉलरपर्यंत रक्कम काढत असल्याचे सांगितले. साथीच्या काळातील खंड हे त्याचे एक कारण. जुने वर्गणीदार आटत गेले, हे दुसरे आणि अधिक जुनाट. यावर कोणी म्हणेल की १९९५पासून मेटमध्ये समोरच्या आसनाच्या पाठीवर भाषांतर उमटते आणि २००६च्या डिसेंबरपासून तेथील प्रयोग चित्रपटगृहांत थेट दिसतात. मग रसिकांना तयार करणाऱ्या मंडळींची गरजच काय? भाषांतराने पात्र काय म्हणते ते कळते. ते नीट गायले गेले की नाही, हे मात्र त्यातून कळत नाही.

मेटचे हे पडद्यावरचे प्रयोग मुंबईत ‘एनसीपीए’नेही दाखवले आहेत. १९९३मध्ये बंद पडलेले गिरगावचे रॉयल ऑपेरा हाऊस ऑक्टोबर २०१६मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ तेथे गायल्या. त्यांनी आणि पियानोवादक मार्क ट्रूप यांनी ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ या उपक्रमातून भारतातील तरुण गळ्यांना पाश्चात्त्य गायनाचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. गोव्यात चर्चच्या पाठशाळांनी पिढ्यान्पिढ्या स्वरलेखन शिकवले, त्यामुळे ही भूमी अगदीच उजाड नाही. मराठी माणसाला तर यातील पेच नवा नाही. याच ऑपेरा हाऊसमध्ये बालगंधर्वांचे प्रयोग झाले आहेत. संगीत नाटक का ओसरले याची चर्चा निघाली की गायक-नट राहिले नाहीत असे सांगण्यात येते. पिटात बसून पदाची एखादी जागा चुकली तर कुजबुजणारा श्रोता केव्हा उठून गेला, हे कोणी विचारत नाही. भास्करबुवा बखले यांनी १९११मध्ये पुण्यात काढलेल्या भारत गायन समाजाला मात्र शिकवणी आणि मैफल या दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून चालतात हे ठाऊक होते.

मुंबईत उद्या कोणी ऑपेराच्या श्रोत्यांची संस्था काढून देणगीची पावती-पुस्तके घेऊन निघाला, तर कोणत्या गायकाला शिकवणार, असाच प्रश्न त्याला पहिल्या दाराशी विचारला जाईल.